सल्ला सातबाऱ्याला, काम बाईला

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षात सत्कार होतात, स्मरणिका निघतात, १५ ऑक्टोबरच्या महिला किसान दिनाला एरवीपेक्षा मोठे मंडप पडतात. त्या निमित्ताने एक रोखठोक प्रश्न विचारायला हरकत नाही. कपाशीत डोमकळी दिसली, मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी शिरली, केळीच्या पानांवर करपा चढला, तर पुढे काय करायचे हे सांगणारा माणूस नेमका कोणाशी बोलतो? जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते: खातेदाराशी. टोचणी, निंदणी आणि वेचणी ज्यांच्या हातून होते त्या बायका त्या बोलण्यात नसतात. याची कारणे म्हणून बायकांचा संकोच, त्यांचे शिक्षण, महिला अधिकाऱ्यांची कमतरता असे बरेच काही सांगितले जाते. यातले काहीच खोटे नाही, पण मूळ त्यात नाही. आपली कृषी सल्ल्याची व्यवस्था सातबाऱ्यावरचे नाव शोधत गावात येते आणि त्या नावाच्या माणसाशी बोलून परत जाते. पिकात कोण वाकलेले आहे हे ती विचारत नाही. हे एकदा ध्यानात आले की आजवरचे उपाय कुठे अडले आणि आता काय करता येईल, हे दोन्ही बरेच स्पष्ट होते.

आधी आकडे पाहू. आवर्ती श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या दर १०० बायकांपैकी ७६ शेतीत होत्या. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ४९ होते. पुरुष शेतीतून बाहेर पडत आहेत आणि बाई शेतात उरते आहे, असा त्याचा सरळ अर्थ. दुसरीकडे २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावरची खाती १४ टक्क्यांच्या आत होती आणि त्यांच्याकडचे क्षेत्र १२ टक्क्यांहूनही कमी. कामाचा वाटा आणि नावाचा वाटा यांतली ही दरी सल्ल्याच्या वाटपात जशीच्या तशी उतरते. अन्न व कृषी संघटनेने १९८८-८९ मध्ये ९७ देशांतल्या विस्तार यंत्रणांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या साधनसामग्रीपैकी जेमतेम ५ टक्के बायकांपर्यंत जात असल्याचे आढळले. त्याच संघटनेच्या २०१०-११ च्या अहवालाने या दरीची किंमत मांडली. बायकांना पुरुषांइतकी साधने मिळाली, तर त्यांच्या शेताचे उत्पादन २० ते ३० टक्के वाढेल आणि विकसनशील देशांचे एकूण शेती उत्पादन अडीच ते चार टक्क्यांनी वर जाईल, असा तो अंदाज होता. तो जगाच्या सरासरीचा आहे, शिरपूर किंवा पारोळ्याचा नाही. पण दरी केवळ अन्यायाची नसून उत्पादनाचीही आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

ही दरी कोणी ठरवून पाडलेली नाही, ती व्यवस्थेच्या घडणीतून आली. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रात प्रशिक्षण व भेट योजना आली. गावातले काही संपर्क शेतकरी निवडायचे, त्यांना ठरलेल्या दिवशी भेटायचे आणि त्यांच्याकडून ज्ञान इतरांकडे झिरपेल असे मानायचे, ही तिची रीत होती. निवडलेले शेतकरी जमीनदार, बोलके आणि पुरुष असत. झिरपणे ओट्यावरून ओट्यावर झाले, चुलीपर्यंत फारसे पोचले नाही. पुढे ‘आत्मा’, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा आली. १९९८ मध्ये प्रायोगिक आणि २००५ नंतर देशभर विस्तारलेल्या या यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांत किमान ३० टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी राखण्याची तरतूद आहे. तरतूद चांगली, पण ती पूर्ण करण्याचा सोपा मार्गही लवकरच सापडला. बचत गटातल्या बायकांना एका सभागृहात बोलवायचे, परसबाग, पापड-लोणची किंवा सोयाबीनचे पदार्थ यांवर दिवसभराचे शिबिर घ्यायचे, हजेरीपट भरायचा. कृषी विज्ञान केंद्रांतही बायकांचा विषय वर्षानुवर्षे गृहविज्ञानाच्या शाखेकडे राहिला आणि कीड, माती, पाणी हे विषय पुरुषांच्या मेळाव्यांत. परसबागेला कमी लेखण्याचे कारण नाही, रक्तक्षय असलेल्या घरात तिचे मोल मोठे आहे. पण जी बाई दिवसाचे आठ तास कपाशीत घालवते तिला कपाशीबद्दल कोणी काही सांगत नाही, आणि तरीही कागदावर ३० टक्क्यांचा हिशेब पुरा होतो.

याचे नुकसान कसे होते, हे गुलाबी बोंडअळीइतके स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही. बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभरातल्या कपाशीचा फडशा पाडला. तेव्हापासून सल्ला ठरलेला आहे: जूनपूर्वी लागवड टाळा, कामगंध सापळे लावा, फुलोऱ्यात डोमकळ्या शोधून नष्ट करा, हिरवी बोंडे फोडून पाहा, डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचून झालेले पीक पुन्हा बोंडांसाठी, ठेवू नका. यातली लागवडीची तारीख आणि फरदड हे घरातल्या कर्त्याचे निर्णय, हे मान्य. पण डोमकळी कोणाच्या नजरेस पडते? पाकळ्या न उमलता आतून जाळीने शिवल्यासारखे झालेले ते फूल ओळीतून वाकून निंदणी करणाऱ्या बाईला दिसते. किडके, अर्धवट फुटलेले कवडीचे बोंड प्रथम हाताला लागते ते वेचणाऱ्या बाईच्या. त्या फुलात अळी दडलेली आहे आणि ते तिथेच तोडून नष्ट केले तर पुढची पिढी थांबते, एवढे तिला सांगितलेले असेल तर किडीचे सर्वेक्षण एका रुपयाच्या जादा खर्चाशिवाय प्रत्येक शेतात रोज होईल. राज्यात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ या नावाने किडींचे सर्वेक्षण चालते, ते नेमलेल्या ठिकाणांच्या निरीक्षणांवर. शेतागणिक पाहणी करण्याइतकी माणसे सरकारकडे कधीच असणार नाहीत. ती माणसे शेतात आधीपासून आहेत, फक्त त्यांना काय पाहायचे ते कोणी सांगितलेले नाही. मक्यातही तेच. २०१८ मध्ये देशात आलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात लहान असतानाच आवरते, मोठी झाल्यावर फवारे वाया जातात. वेळेवर पाहणे हा त्या सल्ल्याचा गाभा आहे, आणि शेतात सर्वांत जास्त वेळ बाईच असते.

हीच गोष्ट पिकाच्या प्रतीची आणि जिवाची. दव वाळल्यावर वेचणी करावी, काडीकचरा आणि कवडी वेगळी ठेवावी, प्लास्टिकच्या गोणीऐवजी सुती कापडात कापूस भरावा, या सूचना जिनिंगवाल्याच्या दराशी थेट बांधलेल्या आहेत. त्या पाळायच्या कोणी? किलोमागे मजुरी घेणाऱ्या वेचणाऱ्या बायकांनी. कचरा निवडण्यात गेलेल्या वेळेचे पैसे त्यांना मिळत नाहीत, म्हणून नुसता सल्ला इथे अपुरा आहे, मजुरीची पद्धतही बदलायला हवी. पण मजुरीची ती चर्चा सल्ल्याच्या बैठकीत होत नाही, कारण बैठकीत त्या बायका नसतात. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर फवारणी करणाऱ्या पुरुषांना मास्क आणि हातमोज्यांविषयी बरेच सांगितले गेले. औषध कालवायला पाणी वाहणारी, फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणारी, फवारणीचे कपडे हाताने धुणारी बाई त्या सांगण्यात क्वचितच होती. तणनाशकाचेही तसेच. ते वापरा म्हणून दिलेला सल्ला खातेदाराचा खर्च वाचवतो आणि त्याच वेळी शेतमजूर बाईचे निंदणीचे दिवस कमी करतो. हा सल्ला चूक आहे असे नाही, पण त्याचे परिणाम दोन घरांत दोन तऱ्हेचे होतात. एकाच घराला विचारून दिलेल्या सल्ल्याला ही दुसरी बाजू कळतच नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरपणाचा. घर एकच, नवऱ्याला सांगितले की बायकोला कळते, वेगळी वाट कशाला? आक्षेप सयुक्तिक वाटतो, पण पडताळणीत तो टिकत नाही. युगांडात मक्याच्या लागवडीविषयीच्या चित्रफिती काही घरांत एकट्या पुरुषाला, काही घरांत एकट्या बाईला आणि काही घरांत दोघांना दाखवून संशोधकांनी तुलना केली. बाईला थेट दाखवले तिथे तिचे ज्ञान वाढले, निर्णयातला तिचा वाटा वाढला आणि सांगितलेल्या पद्धती तिच्याकडून प्रत्यक्षात येण्याचे प्रमाणही वाढले. नवऱ्याला सांगून हे सगळे आपोआप घडत असते, तर असा फरक पडायला नको होता. शिवाय खानदेशात ‘घर एकच’ हे गृहीतकच अनेक ठिकाणी लागू होत नाही. अमळनेर, शिंदखेडा, साक्री या पट्ट्यातून सुरतेला जाण्याचा ओघ जुना आहे. उधना आणि लिंबायत भागात खानदेशी वस्त्याच उभ्या आहेत. नवरा तिथल्या यंत्रमागावर, सातबारा त्याच्या नावावर आणि शेत गावात राहिलेल्या बाईच्या अंगावर, असे घर सरकारी यादीत पुरुषाचे खाते म्हणूनच नोंदलेले असते. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचे तर त्याहून बिकट. वारस नोंद होऊन नाव लागेपर्यंत ती शेती करते, पण कोणत्याही यादीत शेतकरी नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो बायकांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडूनच येतो. आधी जमीन बाईच्या नावावर करा, सल्ला, कर्ज, अनुदान हे सगळे मागून येईल, असे बीना अग्रवाल यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मांडणीवरून म्हणता येते. खानदेशाला ही मागणी नवी नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे प्रचंड महिला अधिवेशन झाले आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावात शंभराहून अधिक शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचे नाव त्यात पुढे होते, आणि तिथली ग्रामपंचायतही १९८९ मध्ये सर्व महिलांची निवडून आली. गेल ऑम्वेट यांनी १९९० मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त चांदवड ते विटनेर हा प्रवास नोंदवला आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. एवढे होऊनही गती काय? बायकांच्या नावावरच्या खात्यांचे देशातले प्रमाण २०१०-११ मध्ये १२.७९ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये १३.९६ झाले. याच वेगाने निम्मी खाती बायकांच्या नावावर व्हायला दीडशे वर्षे लागतील. जमिनीचा लढा सोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण सल्ल्याने त्याच्यासाठी थांबावे असे कारणही नाही, कारण सल्ल्याला सातबारा लागतच नाही. ठिबकच्या अनुदानाला लागतो, कर्जाला लागतो, कारण तिथे मिळकत गुंतलेली असते. डोमकळी कशी ओळखावी हे सांगायला कोणाचा उतारा तपासावा लागत नाही. अनुदान आणि सल्ला एकाच माणसाच्या हातून, एकाच यादीवरून दिले जातात, म्हणून अनुदानाची अट सल्ल्याला चिकटली. ही गाठ सोडवली की निम्मे काम होते. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतमजूर, वाटेकरी आणि कसणाऱ्या बायकांना शेतकऱ्याच्या व्याख्येत घेतलेले आहेच. डॉ. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत मांडलेले महिला शेतकरी हक्क विधेयक मंजुरीविना बाद झाले, पण धोरणातली व्याख्या कायम आहे. उलट आता जमिनीच्या नोंदीशी जोडलेला शेतकरी ओळख क्रमांक योजनांसाठी बंधनकारक झाला आहे. उद्या सल्ल्याचे संदेशही त्याच क्रमांकावरून जाऊ लागले, तर ही गाठ आणखी आवळेल.

तिसरे म्हणणे असे की महिला कृषी सहायक नेमा, प्रश्न सुटेल. राज्यात सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के आरक्षण आहे आणि गावोगाव महिला कृषी सहायक दिसूही लागल्या आहेत. त्याचा उपयोग होतो. मोझांबिकमध्ये प्रशिक्षित स्त्री-दूत नेमल्यावर बायकांपर्यंत नवी पद्धत पोचण्याचे आणि ती स्वीकारण्याचे प्रमाण वाढल्याचे एका प्रयोगात दिसले. पण मलावीतल्या अशाच प्रयोगाने सावध केले आहे. तिथल्या स्त्री-दूतांनी पुरुषांइतकेच शिकून घेतले, लक्षातही ठेवले, तरी गावाने त्यांना कमी जाणते मानले आणि त्यांचे कमी ऐकले. म्हणजे सांगणारी बाई आली की ऐकणारा गाव आपोआप येत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. महिला कृषी सहायकाचे उद्दिष्टही खातेदारांच्या यादीवरच मोजले जाते. तिने पन्नास मजूर बायकांना बोंडअळी शिकवली, तर ते तिच्या अहवालात कुठल्या रकान्यात जाईल? रकाना नसेल, तर तीही खातेदाराच्याच ओट्यावर जाणार.

चौथा भरवसा मोबाइलचा. २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे, हवामानाचे संदेश येतात, गावोगाव पिकांचे व्हॉट्सअॅप गट आहेत. गुजरातेतल्या कपाशीच्या शेतकऱ्यांना फोनवरून दिलेल्या सल्ल्याने त्यांची औषधांची निवड सुधारल्याचे संशोधन आहे, त्यामुळे साधन म्हणून फोन कामाचा आहेच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्केच होत्या. सरकारी यादीत नंबर असतो तो खातेदाराचा आणि गटात असतो तो मुलगा. त्यात भाषेचा प्रश्न. धुळे आणि पश्चिम जळगावात घराघरांत अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिल्ली. ‘आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास’ अशा प्रमाण मराठीतल्या संदेशाने यांपैकी कोणाला काय करायचे ते कळावे, ही अपेक्षाच धाडसाची. फोनवर आवाजी सल्ला त्यांच्या बोलीत देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: सल्ला पुरुषांना तरी कुठे मिळतो? २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या फक्त ४० टक्के शेतकरी कुटुंबांना कुठून तरी आधुनिक शेतीची माहिती मिळत होती, आणि दहा वर्षांनंतरच्या पाहणीतही आकडा जवळपास तिथेच होता. त्यातही सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचा वाटा जेमतेम ६ टक्के, जाणत्या शेतकऱ्यांचा १७ आणि निविष्ठा विक्रेत्यांचा १३. म्हणजे खरा सल्लागार कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे उभा असतो, उधारीवर माल देतो आणि सोबत सल्लाही. त्या काउंटरपुढे बाई क्वचित उभी राहते. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. साधन अपुरे असेल, तर ते कुठे वापरले म्हणजे जास्त काम होईल हे पाहायला हवे, आणि ज्या कामाबद्दल सांगायचे आहे ते काम करणाऱ्याला सांगणे हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग. टंचाईचे कारण पुढे करून बाईला वगळणे म्हणजे टंचाईतही थोडे वाया घालवणे.

या दिशेने काही पावले पडलेली आहेत. महिला किसान सशक्तीकरण परियोजना २०१०-११ पासून आहे. ‘उमेद’ अभियानातून बचत गटांतल्याच बायकांमधून कृषी सखी आणि पशुसखी घडवल्या जात आहेत. २०२४ मध्ये देशभरातल्या तीस हजारांहून अधिक कृषी सखींना प्रमाणपत्रे मिळाली, आणि पहिल्या टप्प्यातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र होता. जळगावचा समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने शेतीशाळा शेतातच भरवण्याची पद्धत रुळवली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर वनभाज्यांच्या स्पर्धेतून बायकांकडचे ज्ञान चारचौघांत मांडायची जागा तयार केली. शिकवणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावे, ही सवय त्यातून लागू शकते. कृषी सखीचे बळ हे की ती गावातली आहे, तिची बोली तीच आहे आणि निंदणी सुरू असताना ती बांधावर जाऊ शकते. धोका एवढाच की तुटपुंज्या मानधनावर तिला राबवून कृषी सहायकांच्या रिकाम्या जागा भरल्याचे समाधान मानले जाईल. आशा सेविकांच्या बाबतीत आरोग्य खात्यात जे झाले ते कृषी खात्यात पुन्हा व्हायला नको. तिला सर्वेक्षणाचे ठरलेले काम, त्याचा ठरलेला मोबदला आणि अडल्यावर विचारायला ममुराबाद, पाल किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रातला एक माणूस हवा.

बाकीचे उपाय लहान आहेत. बायकांचे प्रशिक्षण भर वेचणीत सकाळी अकराला तालुक्याच्या गावी ठेवायचे, त्यांचा दिवसाचा रोज बुडवायचा आणि मग त्या येत नाहीत म्हणायचे, हे थांबवता येते. शेतीशाळा निंदणीच्या रानातच, जेवणाच्या सुट्टीत घेता येते. मजूर बायकांच्या टोळीला खातेदार नसतानाही बसवता येते. सापळ्यातले पतंग मोजण्याचे काम कृषी सखीला पैसे देऊन सोपवता येते, आणि विषबाधेची माहिती फवारणाऱ्याइतकीच निंदणाऱ्या बाईला देता येते. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. लागतो तो मोजण्याचा बदल, कारण सरकारी यंत्रणा जे मोजते तेच करते. म्हणून येत्या खरिपात जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या शेतीशाळांच्या हजेरीपटावर गट क्रमांकाच्या शेजारी आणखी एक रकाना छापावा: ‘या पिकात तुम्ही स्वतः कोणते काम करता?’ हंगाम संपल्यावर प्रत्येक कामापुढे किती बायका आणि किती पुरुष शिकले ते जाहीर करावे. निंदणी आणि वेचणीपुढे पुरुषांचीच नावे भरलेली दिसली, तर तो सल्ला कोणासाठी होता, याचा जाब कृषी खात्याला त्याच्याच कागदावरून विचारता येईल.